बहुश्रुत आणि साक्षर

बंगळूर शहरातील मल्लेश्वरम ही वसाहत १८९८ च्या प्लेगानंतर आखली गेली; तिचे नाव मात्र त्या जागी असलेल्या काडु मल्लेश्वराच्या जुन्या देवळावरून आलेले आहे. काडु म्हणजे रान. त्या रानाचा आज मागमूस उरलेला नाही, पण १६६९ साली शहाजीपुत्र एकोजीने मेदरनिंगनहळ्ळी हे गाव ह्या देवाला लावून दिल्याची नोंद करणारा शिलालेख प्रसिद्ध आहे. मराठी अभ्यासकांनी त्याच्याकडे भोसले घराण्याच्या इतिहासाचे एक साधन म्हणून पाहिले, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु त्या दगडासमोर आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो सहसा कोणी विचारीत नाही. हा मजकूर वाचणार कोण होते? ज्या गावाचे उत्पन्न दान दिले गेले त्या गावात नांगर धरणाऱ्यांपैकी किती जणांना अक्षरओळख असेल? लेख दगडावर कोरलेला असला तरी तो बहुसंख्यांपर्यंत पोचला असेल तो कोणीतरी वाचून दाखविल्यामुळे आणि इतरांनी ऐकून ध्यानात ठेवल्यामुळेच. लेखनाच्या भोवती श्रवणाचे असे मोठे वर्तुळ असणे ही भारतीय भाषांच्या इतिहासातील नेहमीची स्थिती होय.

ह्याच एकोजीच्या वाटचालीचा पुढचा टप्पा तंजावरचा. तेथे मराठ्यांचे राज्य स्थिरावले आणि त्याबरोबर मराठी भाषाही कावेरीच्या काठी रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर ह्यांच्यासारख्या मराठी कीर्तनकारांची कीर्तने तंजावरकरांनी ऐकली, आणि तंजावर कृष्ण भागवतरांनी त्या वळणावर तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी वृत्ते तमिळ शब्द घेऊन दक्षिणेच्या सभांतून गाजू लागली. कन्नड मुलखात हरिकथेच्या जोडीला गमकाची परंपरा आहे. गमकी कुमारव्यासाचे भारत रागदारीत वाचतो आणि व्याख्यानकार त्याचा अर्थ उलगडीत जातो. पोथी एकाच्या हाती, अर्थ दुसऱ्याच्या मुखी आणि काव्य सर्वांच्या कानी, अशी ही वाटणी आहे. ह्या सर्व श्रोत्यांना जनगणनेच्या कोष्टकात एकच नाव मिळाले असते: निरक्षर. मराठी भाषेने मात्र त्यांच्यासाठी एक वेगळा शब्द राखून ठेवला आहे. पुष्कळ ऐकलेला तो बहुश्रुत. विद्वत्तेचा हा निर्देश डोळ्यांवरून नव्हे, कानांवरून झालेला आहे. आज मोठा ग्रंथसंग्रह बाळगणाऱ्याला बहुश्रुत म्हटले जाते, ही त्या शब्दाची अलीकडची गंमत.

प्रौढशिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी हा शब्द गंभीरपणे घेतला नाही, आणि साहित्याचा विचार करणाऱ्यांनी प्रौढशिक्षणच गंभीरपणे घेतले नाही. हा दुहेरी दुरावा दोन्ही क्षेत्रांना महाग पडलेला आहे. निरक्षर प्रौढाला शिकवावे कसे, हा प्रश्न शिक्षणशास्त्राकडे आणि शासनाच्या खात्याकडे सोपवून साहित्याचे अभ्यासक मोकळे झाले. वस्तुतः त्या प्रश्नाचा गाभा वाङ्मयीन आहे. अक्षर शिकल्यावर त्या माणसाने वाचावे काय, त्याला उद्देशून कोणी आणि कोणत्या भाषेत लिहावे, आणि अक्षर येण्यापूर्वी त्याच्याजवळ जे वाङ्मय होते त्याचे काय करावे, ह्या गोष्टी केवळ अध्यापनपद्धतीच्या नव्हेत.

सत्तरीच्या दशकात फिलिप कूम्ब्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औपचारिक, अनौपचारिक आणि सहज अशी शिक्षणाची तिहेरी विभागणी रूढ केली. शाळा-महाविद्यालयांची उतरंड ही औपचारिक. तिच्या बाहेर पण योजनापूर्वक चालणारे वर्ग, शिबिरे, प्रसारकार्य हे अनौपचारिक. आणि घरात, बाजारात, कामावर आयुष्यभर जे नकळत अंगी मुरते ते सहजशिक्षण. नियोजनाच्या कागदांसाठी ही विभागणी सोयीची आहे. पण तिच्या कोणत्या रकान्यात कीर्तन बसवावे? नारदीय कीर्तनाला नमन, पूर्वरंग, मध्यंतरीचा नामगजर, उत्तररंग असा काटेकोर बांधा असतो. कीर्तनकाराला वर्षानुवर्षांची तालीम लागते. निरूपणासाठी घेतलेल्या एका अभंगाचा अर्थ अनेक दृष्टान्तांनी फिरवून फिरवून दाखविला जातो. श्रोत्यांकडून मात्र ना हजेरी घेतली जाते, ना परीक्षा. देणाऱ्याच्या बाजूने पाहता ते अत्यंत घडीव शिक्षण आहे, घेणाऱ्याच्या बाजूने पाहता ते सहज आहे. ह्याचा अर्थ असा की येथे शिक्षणाला आकार देण्याचे काम संस्थेने केलेले नाही, वाङ्मयप्रकाराने केलेले आहे. पूर्वरंगाची तात्त्विक चर्चा उत्तररंगातील आख्यानाने सोपी होते, ही गोष्ट कोणत्याही अभ्यासक्रम-समितीने ठरविलेली नव्हती.

येथवर आल्यावर एक मोह आवरला पाहिजे. आपल्याकडे सारे काही आधीच होते, पाश्चात्त्यांनी केवळ त्याला नावे दिली, असे म्हणण्याचा तो मोह. त्याला उत्तर देण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. जोतीराव फुल्यांनी ते १८५५ सालीच दिलेले आहे. त्या वर्षी फुल्यांनी पुण्यात कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली, आणि त्याच वर्षी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीपुढे ठेवले. नाटकातील कुणबी आणि त्याची गरोदर बायको ही काही अज्ञानी, रिकाम्या डोक्याची माणसे नाहीत. त्यांनी पुष्कळ ऐकलेले आहे. ग्रह, शांती, पुण्य, दान ह्यांविषयी त्यांच्या कानी पिढ्यान्‌पिढ्या जे पडत आले, त्याच्याच बळावर जोशी त्यांना लुबाडतो. पंचांग त्याच्या हातात आहे आणि ते उघडून पाहण्याची सोय ह्या दोघांना नाही. श्रवणपरंपरेचा हा दुसरा चेहरा. जे ऐकले ते पडताळून पाहता येत नसेल तर बहुश्रुतपणा हीच बेडी ठरते. ज्या देवळाच्या दाराबाहेर चोखामेळ्याला उभे राहावे लागले, त्या देवळातील निरूपण कितीही रसाळ असले तरी कोणी कोठे उभे राहून ऐकायचे हे आधीच ठरलेले होते, हेही विसरता येत नाही. सावकाराचा कागद, कुलकर्ण्याची वही, जोश्याचे पंचांग ही वाचायची गोष्ट आहे. ती ऐकून भागत नाही. फुल्यांच्या नाटकाच्या शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेची वाट धरते ते ह्यामुळे.

पण ह्याच नाटकाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. अक्षराचे महत्त्व पटविण्यासाठी फुल्यांनी निबंध लिहिला नाही, नाटक लिहिले. विदूषक घेतला, पाद्री आणला, बोलीतील सवाल-जबाब घडविले. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचनाकडे आणायचे तर रस्ता कानांतूनच जातो, हे त्यांनी ओळखले होते. मराठीतील आधुनिक वळणाच्या पहिल्या नाटकांपैकी एक नाटक प्रौढशिक्षणासाठी लिहिले गेले आणि प्रौढशिक्षणाच्या वर्गापाशी येऊन संपले, ही घटना साहित्येतिहासाच्या दृष्टीने केवढी मोठी आहे! इतिहासाने तिचे काय केले? कमिटीने ते नाटक नाकारले, हे फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त स्वतःच नमूद केले आहे. नाटक छापून वाचकांपुढे येण्यास १९७९ साल उजाडावे लागले. दरम्यान १८४३ चे भाव्यांचे ‘सीता स्वयंवर’ आणि १८६१ चे कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ ह्यांच्या मध्ये एक रिकामी जागा मानून नाट्येतिहासाची प्रकरणे लिहिली गेली. कमिटीतील ब्राह्मण सभासदांचा विरोध हे नाकारण्याचे कारण फुल्यांनी सांगितले आहे, आणि त्यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सव्वाशे वर्षांच्या विस्मृतीला तेवढे एकच कारण पुरत नाही. साहित्य म्हणजे वाचकासाठी लिहिलेली गोष्ट, हे गृहीत एकदा धरले की ज्याचा अपेक्षित श्रोता वाचू शकत नाही असे लेखन आपोआपच प्रचाराच्या, समाजकार्याच्या खात्यावर टाकले जाते. जलशांचे हेच झाले. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातील गण-गवळणीच्या जागी नवा आशय घातला. पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. त्यांची दखल समाजशास्त्राने आधी घेतली आणि साहित्याने फार उशिरा.

व्याख्यानमालांविषयी येथे फार लिहिण्याचे कारण नाही. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला, किंवा गोखल्यांचे नाव देऊन डी. व्ही. गुंडप्पांनी १९४५ मध्ये बंगळुरात स्थापन केलेली सार्वजनिक व्यवहारांच्या अभ्यासाची संस्था, ही प्रौढांच्या शिक्षणाची थोर उदाहरणे आहेत. पण त्यांचा श्रोता मुळात शिकलेला होता. १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर ह्यांनी वाढत्या वयाच्या स्त्रियांसाठी चालविलेले वर्ग ह्याहून अवघड काम करीत होते, कारण तेथे अक्षराआधी संकोच मोडावा लागे.

विसाव्या शतकात हे सर्व काम हळूहळू ‘मोहीम’ ह्या शब्दाखाली आले. ना. म. जोशी ह्यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ पासून मुंबईच्या कामगारवस्तीत रात्रीच्या शाळा आणि वाचनालये काढली, तोवर तो शब्द रूढ नव्हता. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ मध्ये, मुंबई शहरासाठी प्रौढशिक्षणाची समिती नेमली गेली आणि साक्षरता हा शासनाचा विषय झाला. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. तिची कल्पना खरोखर सुंदर होती. संपूर्ण गावाने एकत्र येऊन निश्चय करावा, शाळामास्तरांनी आणि गावातल्याच लिहित्या-वाचत्या माणसांनी बाकीच्यांना शिकवावे, आणि गाव साक्षर झाल्यावर ग्रामगौरव समारंभ करून त्याचा उत्सव साजरा करावा. गावाचा मान पणाला लागल्याने जे काम पगाराने झाले नसते ते झाले, आणि मोहीम पुढे राज्यभर नेण्यात आली. तिची दुबळी बाजू समारंभानंतर दिसू लागली. शिकलेली अक्षरे वापरावाचून पुसट होऊ लागली. वाचायला शिकलेल्या माणसाच्या घरात वाचण्याजोगे काही नव्हते.

ह्या पोकळीत जे लेखन निर्माण झाले त्याला ‘नवसाक्षर साहित्य’ असे नाव मिळाले. मोठा टाइप, थोडी पाने, पानापानाला चित्र. विषय बहुधा खत, लसीकरण, अल्पबचत, कुटुंबनियोजन. केंद्र शासनाने त्यासाठी बक्षिसे ठेवली, लेखकांच्या कार्यशाळा भरविल्या. हेतूविषयी वाद नाही. चांगल्या लेखकांनीही त्यात हात घातला. पण अशा पुस्तिकांचा नेहमीचा घाट पाहिला की एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. त्यांच्यातील शहाणे पात्र गावाबाहेरून आलेले किंवा शिकून परत आलेले असते, चुकणारे पात्र अडाणी असते, आणि शेवटच्या पानावर अडाण्याला आपली चूक कळते. जो माणूस आयुष्यभर एकनाथांची भारुडे ऐकत आला, ज्याला रूपक कळते, श्लेषावर हसता येते, एका शब्दाचे दोन अर्थ एकाच वेळी धरता येतात, त्याच्या हातात अक्षर आल्याबरोबर आठ वर्षांच्या मुलाचे पुस्तक देण्यात आले. अक्षरांची उणीव ही बुद्धीची उणीव समजली गेली. शब्द सोपे असणे वेगळे आणि आशय पोरकट असणे वेगळे, हा भेद भाषा हाताळणाऱ्यांनी नाही सांगायचा तर कोणी सांगायचा?

गाडगेबाबांच्या कीर्तनाशी ह्याची तुलना करावी. बाबा स्वतः शाळेत शिकलेले नव्हते. १९५६ साली निधन होईपर्यंत त्यांनी वऱ्हाडी बोलीत जी कीर्तने केली त्यांत सांगणे थोडे आणि विचारणे फार असे. एक प्रश्न टाकायचा, समोरच्या हजारोंकडून उत्तर वदवून घ्यायचे, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न बसवायचा. कर्ज काढून सण करू नये, नवसासाठी बोकड मारू नये, पोरांना शाळेत घालावे, हा उपदेश नवसाक्षर पुस्तिकांतील उपदेशाहून फारसा निराळा नाही. निराळी होती ती श्रोत्याविषयीची धारणा. उत्तर श्रोत्याच्या जवळ आहे, ते फक्त त्याच्या तोंडून बाहेर यायचे आहे, अशी ती धारणा होती. बाबांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. प्रबोधनकार ठाकऱ्यांपासून गो. नी. दांडेकरांपर्यंत अनेकांनी त्यांच्यावर लिहिले आहे. तरीही मराठी गद्याच्या इतिहासात संवादात्मक गद्याचा नमुना म्हणून ह्या कीर्तनांचा विचार अभावानेच झालेला आढळतो.

ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरी ह्यांनी १९६३ साली आंजिकोस गावी सुमारे तीनशे शेतमजुरांना चाळीस तासांच्या वर्गांतून लिहावाचावयास शिकविले, ते ह्याच धारणेवर. आधी त्या लोकांच्या बोलण्यातून जिवंत, कळीचे शब्द टिपायचे, त्या शब्दांवर चर्चा करायची आणि मग तेच शब्द अक्षरांत फोडायचे, अशी त्यांची पद्धत होती. पुढच्याच वर्षी लष्करी राजवट आली, फ्रेरी तुरुंगात गेले आणि नंतर देशाबाहेर. अक्षरे शिकविणे हा निरुपद्रवी उद्योग आहे असे त्या राजवटीला वाटले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. क्यूबाच्या १९६१ च्या मोहिमेत, जिच्यात सात लाखांवर माणसे साक्षर झाल्याचे सांगतात, शेवटची कसोटी म्हणून प्रत्येकाने राष्ट्रप्रमुखाला पत्र लिहायचे होते. तेथे पत्र हा वाङ्मयप्रकारच परीक्षा झाला. अर्थात पत्र कोणाला लिहायचे हे मात्र शिकणाऱ्याने ठरविलेले नव्हते.

आणखी मागे गेल्यास डेन्मार्कचे ग्रुंट्विग भेटतात. १८४४ साली र्‍योडिंग येथे उघडलेल्या पहिल्या लोकशाळेमागची कल्पना त्यांची. शेतकऱ्यांच्या वयात आलेल्या मुलांनी हिवाळ्यात एकत्र राहावे, इतिहास, पुराणकथा आणि गाणी ऐकावी, चर्चा करावी, आणि परीक्षा न देता घरी जावे, अशी ती शाळा. साहित्याच्या अभ्यासकांनी ह्यात एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ग्रुंट्विग हे शिक्षणाधिकारी नव्हते. ते कवी होते, जुन्या नॉर्डिक वाङ्मयाचे पंडित होते, ‘बेओवुल्फ’चे भाषांतरकार होते. मृत अक्षरापेक्षा जिवंत शब्द श्रेष्ठ, हा त्यांचा सिद्धान्त त्यांच्या काव्याभ्यासातून आलेला होता. म्हैसूरच्या प्रौढशिक्षण परिषदेने स्वातंत्र्यानंतरच्या काळात नंजनगुडासारख्या ठिकाणी जी विद्यापीठे चालविली ती ह्या डॅनिश नमुन्यावर बेतलेली होती. हरिकथा आणि गमक ज्या मातीत आहे त्या मातीला जिवंत शब्दाची महती परदेशातून आणावी लागली, ह्यात थोडा विनोद आहे. पण आणली हे बरेच झाले.

धडा जर खरा असेल तर तो काय करू शकतो ह्याचे उदाहरण तेलुगूत आहे. आंध्र प्रदेशातील नेल्लूर जिल्ह्याच्या साक्षरता मोहिमेत स्त्रियांच्या हाती पडलेल्या वाचनपाठांत सीतम्मा नावाच्या एका बाईची कथा होती. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरातील ही बाई इतर बायकांना एकत्र करून गावातील दारू बंद पाडते. दुबगुंटा गावच्या स्त्रियांनी ती कथा वाचली, तीवर बोलणे झाले, आणि त्यांनी आपल्या गावचे दुकान बंद पाडले. १९९२ मध्ये ते आंदोलन राज्यभर पसरले. १९९३ मध्ये अरकबंदी आणि १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. बंदी पुढे फार टिकली नाही हा भाग वेगळा. कथेचा परिणाम, वाचकाचा प्रतिसाद ह्यांवर विद्यापीठांतून कितीतरी परिसंवाद होतात. एका लहानशा कथेने एवढे घडवून आणल्याचे दुसरे उदाहरण भारतीय साहित्यात शोधावे लागेल. ती कथा नवसाक्षरांसाठीच लिहिलेली होती. फरक इतकाच की तिच्यातील शहाणे पात्र बाहेरून आलेले नव्हते.

मराठीत अक्षराविना काय असू शकते ह्याचा पुरावा कोणाला हवा असेल तर बहिणाबाई चौधरींचे नाव पुरे आहे. जळगावकडील ह्या शेतकरी बाईला लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या गाण्यांतील जी टिपून ठेवली गेली ती त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, सोपानदेवांच्या आणि आचार्य अत्र्यांच्या हातून पुस्तकरूपाने बाहेर आली. आज ती शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून शिकविली जातात, आणि ज्या कवयित्रीच्या कवितेवर मुले परीक्षा देतात ती स्वतः कोणत्याही साक्षरता-परीक्षेत अनुत्तीर्ण ठरली असती. बहिणाबाईंना अपवाद म्हणून गौरविण्याची रीत पडली आहे. ती तपासून पाहिली पाहिजे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ ह्यांनी ग्रामीण स्त्रियांच्या साहाय्याने जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह केला त्याची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांत माहेर आहे, पंढरी आहे, आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. एवढी मोठी निर्मिती ज्या समाजातून होते त्यात बहिणाबाई अपवाद नसून टिपून घेतली गेलेली एक असते.

अण्णा भाऊ साठ्यांची गोष्ट निराळी आहे. ते शाळेत जेमतेम गेले. वाटेगावाहून मुंबईस आल्यावर दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके वाचीत त्यांनी अक्षर पक्के केले असे सांगतात. पुढे कामगार चळवळीने आणि १९४४ च्या लालबावटा कलापथकाने बाकीचे शिकविले. १९५९ ची ‘फकिरा’ ह्या शिक्षणातून आली. नारायण सुर्व्यांनी आपल्या १९६६ च्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले तेव्हा त्यांना जे विद्यापीठ अभिप्रेत होते त्याला इमारत नव्हती. सहजशिक्षण ह्या पारिभाषिक शब्दाचा मराठीतील सर्वांत सखोल अर्थ ह्या लेखकांत सापडतो. ह्या दोघांनीही श्रवणाची परंपरा टाकून अक्षर घेतले नाही. लावणी-पोवाड्याचा कान आणि छापील शब्दाची तपासणी ही दोन्ही त्यांच्या हाताशी होती. बहुश्रुत आणि साक्षर ह्यांतून एक निवडा असे त्यांना कोणी सांगितले नाही, हे मराठी साहित्याचे भाग्य.

‘तृतीय रत्न’ला दीडशे वर्षे होत असताना, २००५ साली, रमेश इंगळे उत्रादकर ह्यांची ‘निशाणी डावा अंगठा’ ही कादंबरी आली. विदर्भातील खेड्यात साक्षरता अभियान राबविणारे शाळामास्तर हा तिचा विषय. वर्ग गावात भरण्यापेक्षा कागदावर अधिक भरतात. वरून आकडा मागितला जातो आणि खालून आकडा पुरविला जातो. शिकणारा प्रौढ ह्या व्यवहारात फक्त नावापुरता असतो. कादंबरी अत्यंत विनोदी आहे, आणि तिच्यातील हसू जसजसे ओसरते तसतशी एक भयाण गोष्ट पुढे येते. येथे लेखनाचा सर्वाधिक वापर निरक्षरतेचा अंत झाल्याचे खोटे लिहिण्यासाठी होत आहे. फुल्यांच्या कुणब्याला ज्या लिखित कागदाने फसविले होते, त्या कागदापासून सुटण्यासाठी तो शाळेत निघाला होता. दीडशे वर्षांनी ती शाळाच कागद होऊन बसली. ह्या दोन ग्रंथांना शेजारी ठेवून वाचण्याइतके उद्बोधक काम तौलनिक साहित्याच्या वर्गाला क्वचितच मिळेल.

१९७८ चा राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम, १९८८ चे साक्षरता मिशन, १९९० साली संपूर्ण साक्षर म्हणून घोषित झालेला एर्नाकुलम जिल्हा, आणि २०२२ पासूनचा नव भारत साक्षरता कार्यक्रम अशी ही पुढची मालिका आहे. शेवटच्या योजनेत ‘प्रौढशिक्षण’ हा शब्द मागे पडून ‘सर्वांसाठी शिक्षण’ हा आला आहे. शब्द बदलल्याने काही बिघडत नाही, मात्र शिकणारा प्रौढ आहे ही आठवण त्या जुन्या नावात तरी होती. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साक्षरतेचे प्रमाण ८२.३४ टक्के होते. ह्या टक्क्यांत कोण काय वाचते हे कोणी मोजलेले नाही.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी उलटलेल्या स्त्रिया गुलाबी साडी नेसून, पाटी घेऊन वर्गात बसू लागल्या, आणि त्यांची छायाचित्रे देशोदेशी गेली. छायाचित्रांत हरवून गेलेली गोष्ट अशी की ह्या शाळेचे निमित्त म्हणून एक खंत सांगितली जाते. गावात उत्सवप्रसंगी वाचन चालले असता आपल्याला पोथी वाचता येत नाही, हे त्या स्त्रियांनी बोलून दाखविले होते. त्यांना खताची पिशवी वाचायची नव्हती. जे जन्मभर ऐकले ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. फुल्यांच्या कुणब्याने जी तपासणी मागितली तिचीच ही सौम्य आवृत्ती म्हणता येईल. पोथी वाचून झाल्यावर त्यांच्या हाती कोणते पुस्तक यावे, ह्याचे उत्तर शाळामास्तरांकडे मागणे अन्यायाचे होईल.

१९३९ पासून आजवर भारतीय भाषांत प्रौढांसाठी शेकडो वाचनपाठ छापले गेले. मराठीत, कन्नडात, तेलुगूत, मल्याळममध्ये पहिल्या पाठाचे पहिले वाक्य कोणते होते, ते कोणाच्या तोंडी होते, बोलीला त्यात जागा होती की प्रमाणभाषेचीच सक्ती होती, स्त्री कर्ता म्हणून कोणत्या पाठात प्रथम आली, ओवी किंवा वचन ह्यांचा उपयोग कोणी केला आणि कोणी टाळला, हे सर्व पाहण्यासारखे आहे. पण ह्या पुस्तिका स्वस्त कागदावर छापलेल्या, मोहीम संपली की गोदामात पडणाऱ्या. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेत जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक ह्यांच्या परंपरेत अशा साहित्याचे बरेच काम झाले. इतर राज्यांतही तशी साधनकेंद्रे होती. भारतीय भाषांच्या विभागांनी ह्या पुस्तिका मागवाव्या, सूची करावी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एकेका भाषेतील दहा-दहा पाठ वाचावयास द्यावे. कागद पिवळा पडून तुटू लागला आहे, तेव्हा सूचीचे काम आधी.